रिव्हेट मारण्याआधी: घरी धातूचं विमान बांधताना सांधे गंजापासून कसे वाचवायचे

विमानाच्या पंखात दोन पत्रे एकावर एक ठेवून रिव्हेट (पत्रे कायमचे जोडणारी, ठोकून बसवायची धातूची खिळी) मारला, की त्या दोन पत्र्यांमधली जागा तुम्हाला पुन्हा दिसत नाही. दहा-पंधरा वर्षांनी दिसलीच तर पांढऱ्या भुकटीने भरलेली आणि फुगलेली दिसते. तोवर आख्खा पत्रा उतरवण्याशिवाय इलाज उरलेला नसतो. म्हणून घरी विमान बांधायला निघालेल्या माणसाला मी सगळ्यात आधी सांगतो: बाहेरचा रंग शेवटी बघू. आज जी फट तुम्ही कायमची बंद करणार आहात, ती बंद करण्याआधी तिचं काय केलंत, ते बोला.

मी बडोद्याला मकरपुऱ्यातल्या एका शीटमेटल वर्कशॉपमध्ये बावीस वर्षं काम केलं. गेली चार वर्षं दोन मित्रांबरोबर घराच्या गॅरेजमध्ये दोन सीटचं, पूर्ण ॲल्युमिनियमचं विमान बांधतो आहे. शेपूट आणि पंख झाले, धडाचं काम चालू आहे. खाली लिहिलंय ते आमच्यासारख्या दमट उन्हाळ्या-पावसाळ्याच्या गावात बांधणाऱ्यांसाठी आहे. एक लक्षात ठेवा, तुमच्या किटच्या (विमानाच्या भागांच्या संचाच्या) कंपनीचं पुस्तक आणि माझं म्हणणं यांत फरक पडला तर पुस्तकाचं ऐका.

फटीत नेमकं काय होतं

आपल्या घरात ॲल्युमिनियमच्या डब्यात लोणचं कुणी ठेवत नाही. ठेवलं तर आठवड्यात डबा काळवंडतो आणि महिन्या-दोन महिन्यांत बारीक भोकं पडतात. विमानाच्या सांध्यात तेच घडतं, फक्त सावकाश.

ॲल्युमिनियमवर हवेतल्या ऑक्सिजनने एक अतिशय पातळ, घट्ट थर आपोआप बसतो. खरवडला तर क्षणात पुन्हा तयार होतो, आणि धातू टिकतो तो त्याच्या जोरावर. पण दोन पत्र्यांच्या फटीत पाणी केशाकर्षणाने ओढलं जातं आणि बाहेर ऊन पडलं तरी आत वाळत नाही. आतला ऑक्सिजन संपला की तो थर पुन्हा बनू शकत नाही. त्यात मिठाचा अंश असला, म्हणजे समुद्रावरून आलेली हवा असो की तुमच्याच बोटांचा घाम, तर फटीतलं पाणी हळूहळू आम्लधर्मी होत जातं. डब्यातलं लोणचं आता सांध्यात तयार झालं. वर वाईट गोष्ट अशी की गंजातून जी पांढरी भुकटी होते ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते. ती पत्रे एकमेकांपासून रेटते आणि रिव्हेटवर सतत ताण येतो.

हे फक्त पुस्तकातलं नाही. २८ एप्रिल १९८८ ला हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ चं पुढच्या भागातलं छत उडता उडता फाटून निघून गेलं. एक हवाई सुंदरी बाहेर फेकली जाऊन मृत्युमुखी पडली; वैमानिकांनी ते विमान तशा अवस्थेत माउई बेटावर उतरवलं. चौकशीत कारण निघालं ते पत्र्यांच्या एकावर एक जोडाचं. चिकटवण सुटली होती, फटीत खारट ओल शिरून गंज धरला होता, सगळा भार रिव्हेटच्या भोकांवर आला आणि तिथून तडे गेले. त्या विमानाची ८९,६८० उड्डाणं झाली होती. आपल्या छोट्या विमानात केबिनमध्ये हवेचा दाब भरत नाहीत, त्यामुळे असं छत उडणार नाही. पण फटीचा स्वभाव तोच असतो.

दुसरा प्रकार दोन वेगळ्या धातूंचा. ॲल्युमिनियमला साधा पोलादी किंवा स्टेनलेसचा बोल्ट टेकला आणि मध्ये ओल आली, की ती जोडी बॅटरीसारखी वागते आणि झिजतं ते ॲल्युमिनियम. पितळ, तांबं आणि ग्राफाइट यांच्याशी तर त्याचं मुळीच पटत नाही. म्हणूनच विमानाच्या पत्र्यावर शिसपेन्सिलीने रेघ मारायची नाही. पेन्सिलीतलं शिसं म्हणजे ग्राफाइट, आणि त्या रेघेच्या बरोबर खाली धातू खाल्ला जातो. बारीक टोकाचं मार्कर वापरा. खुणेसाठी अणीने ओरखडा काढायचा तो फक्त जिथे पत्रा कापायचाच आहे तिथे.

आधी कागद, मग पत्रा

पहिला पत्रा मागवण्याआधी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाशी, म्हणजे डीजीसीएशी, पत्रव्यवहार सुरू करा. तपासणी कोण करणार, कुठल्या टप्प्यावर करणार, कुठल्या मालाचे दाखले लागणार, हे लेखी घ्या. आपल्याकडे हा रस्ता सोपा नाही. मुंबईत कांदिवलीला घराच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव यांचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. २०१६ च्या मेक इन इंडिया प्रदर्शनात ते विमान लोकांनी पाहिलं, २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली आणि उडवण्याची परवानगी हातात आली ती २०१९ मध्ये. मराठी माणसाने गच्चीवर हे करून दाखवलं म्हणून माझ्यासारख्यांना धीर आला. पण त्या वर्षांचा हिशोबही मनात ठेवा. विमान बांधून तयार होईल आणि परवानगीची वाट बघत तीन पावसाळे गॅरेजमध्ये उभं राहील, असं होऊ शकतं. गंजाविरुद्धचं काम त्या काळासाठीही आहे.

बंद होणाऱ्या प्रत्येक सांध्याचा, बंद करण्याआधी, फोटो काढा. तपासणी करणाऱ्यालाही तेवढाच पुरावा बघायला मिळतो.

पत्रा कुठला आणि ठेवायचा कसा

घरगुती विमानांत मुख्यतः दोन मिश्रधातू येतात. एक २०२४-टी३ (हा आकडा सालाचा नाही, मिश्रधातूचा आहे). त्यात साधारण साडेचार टक्के तांबं असतं, त्यामुळे तो मजबूत होतो आणि त्याच तांब्यामुळे गंजाला कच्चा राहतो. म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर चढवलेला असतो आणि त्याला अल्क्लॅड म्हणतात. पातळ पत्र्यात हा थर प्रत्येक बाजूला जाडीच्या सुमारे पाच टक्के असतो. पितळेच्या भांड्याला कल्हई करतात तसंच हे, पण एक फरक आहे. कल्हई खरवडली की पितळ उघडं पडतं आणि आंबट पदार्थ कळकतात. अल्क्लॅडवर बारीक ओरखडा गेला तर आजूबाजूचा शुद्ध थर स्वतः झिजतो आणि आतल्या धातूला वाचवतो. दुसरा मिश्रधातू ६०६१-टी६, मॅग्नेशियम आणि सिलिकॉनचा. ताकद थोडी कमी, पण उघडा असला तरी जास्त टिकतो. नवख्या माणसाला मी ६०६१ चं किट सुचवीन, विशेषतः गॅरेज पत्र्याच्या छपराचं असेल तर.

बाजारातून हिंडालियमचा किंवा 'तसलाच' पत्रा आणायचा विचारसुद्धा करू नका. मिश्रधातू, टेंपर (धातूला दिलेला कडकपणा) आणि बॅच नंबरचा दाखला नसलेला पत्रा विमानात जात नाही.

आता साठवणूक. इथे आमची पहिली चूक झाली, म्हणून जरा सविस्तर सांगतो. नव्या पत्र्यावर निळी प्लास्टिकची फिल्म चिकटवलेली येते. ओरखडे पडू नयेत म्हणून आम्ही ती तशीच ठेवली आणि पत्रे भिंतीला टेकवून एक पावसाळा काढला. ऑक्टोबरमध्ये फिल्म सोलली तेव्हा कडेपासून आत वळवळत गेलेल्या राखाडी रेघा दिसल्या. कडेने ओल शिरून फिल्मखाली अडकली होती. दोन पत्रे बाद झाले. तेव्हापासून नियम केला: माल आला की पंधरा दिवसांत फिल्म काढायची, पत्रा धुऊन पुसून कोरडा करायचा आणि लाकडी घोड्यांवर उभा ठेवायचा, दोन पत्र्यांमध्ये हवा खेळेल इतकं अंतर ठेवून. सिमेंटच्या जमिनीला टेकवायचा नाही. मध्ये वर्तमानपत्र किंवा पुठ्ठा घालायचा नाही, तो ओल धरून बसतो.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात घुसलं तेव्हा तळमजल्यावर काम करणाऱ्या प्रत्येकाला एक गोष्ट कळली. पत्रा, तयार भाग आणि रिव्हेटचे डबे जमिनीपासून जेवढे वर ठेवता येतील तेवढे ठेवा. पंख छताच्या हुकांना टांगता येतात. पुराच्या पाण्यात बुडालेला बंद भाग धुऊन वापरू नका. आतल्या फटीत गाळ राहतो, तो उघडूनच बघावा लागतो.

ऋतू बघून काम

आमचं वेळापत्रक दसऱ्यापासून सुरू होतं. नवरात्रानंतर हवा कोरडी होते ती मे अखेरपर्यंत. साफसफाई, प्रायमर (धातूवरचा पहिला, गंज रोखणारा रंगाचा थर) आणि रिव्हेटिंग या काळात. जून ते सप्टेंबर कापणं, वाकवणं, भोकं पाडणं, नकाशे वाचणं आणि डीजीसीएची पत्रं. दोनशे-तीनशे रुपयांचा आर्द्रतामापक भिंतीवर लावा आणि प्रायमरच्या डब्यावर दिलेली मर्यादा त्याच्याशी ताडून बघा. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतली वाफ दव होऊन बसते त्यापेक्षा) निदान तीन अंशांनी जास्त असल्याशिवाय फवारा मारायचा नाही. हिवाळ्यातली सकाळ फसवी असते. आकाश निरभ्र, हवा थंड, आणि पत्र्यावर डोळ्यांना न दिसणारं दव. दहा-साडेदहानंतर सुरुवात करा.

दसऱ्याला हत्यारांची पूजा आम्हीही करतो. पण नारळाचं पाणी, लिंबाचा रस, ओलं कुंकू आणि झेंडूची फुलं विमानाच्या उघड्या पत्र्यावर नकोत. नारळाच्या पाण्यात क्षार असतात, लिंबात आम्ल. शेजारी लाकडी पाट मांडून त्यावर हत्यारं ठेवतो आणि विमानाला कोरड्या कुंकवाचं बोट कागदावर लावून तो कागद चिकटवतो. माझ्या आईने हा मार्ग काढला.

भोकं पाडा, मग सगळं परत सुटं करा

नवशिक्यांना सगळ्यात जड जाते ती ही पायरी. पत्रा, रिब (पंखाला आकार देणाऱ्या आडव्या फासळ्या) आणि स्पार (पंखाचा लांब, मुख्य कणा) क्लेकोंनी, म्हणजे भोकात बसणाऱ्या तात्पुरत्या चिमट्यांनी, एकत्र धरून सगळी भोकं एकदम पाडायची, म्हणजे ती तंतोतंत जुळतात. ३/३२ इंच रिव्हेटसाठी चाळीस नंबरचं ड्रिल, १/८ साठी तीस नंबरचं. भोकाच्या मध्यापासून पत्र्याची कड रिव्हेटच्या व्यासाच्या निदान दुप्पट लांब हवी, म्हणजे १/८ इंचाला साधारण साडेसहा मिलिमीटर. इतकं झालं की विमान कसं दिसणार ते समोर उभं असतं आणि लगेच रिव्हेट मारायचा मोह होतो.

मारू नका. सगळे क्लेको काढून प्रत्येक तुकडा सुटा करा. दोन पत्र्यांच्या मध्ये ड्रिलचा चुरा अडकलेला असतो आणि भोकाच्या काठाला बर, म्हणजे धातूची खरखरीत उचललेली किनार, आलेली असते. ती तशीच राहिली तर पत्रे एकमेकांना टेकत नाहीत आणि तुम्ही स्वतःच्या हाताने पाण्यासाठी फट बांधता. बर काढायचं हत्यार दोन बोटांत धरून अर्धा-एक फेरा पुरतो. जास्त फिरवलं तर भोकाला वाटीसारखा खळगा पडतो. कडाही कानशीने आणि मग पॉलिश पेपरने इतक्या गुळगुळीत करा की कापसाचा बोळा फिरवला तर धागा अडकू नये. रंग तीक्ष्ण कडेवर टिकत नाही, तिथून आधी सुटतो.

साफसफाई

आता हातमोजे घाला. यापुढे पत्र्याला उघडं बोट लागता कामा नये.

आधी ॲसिटोनने किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने तेल आणि मार्करच्या खुणा पुसा. एका कापडाने ओलं पुसायचं आणि ते वाळायच्या आत दुसऱ्या कोऱ्या कापडाने कोरडं करायचं. वाळू दिलं तर तेलकटपणा जागच्या जागी परत बसतो. मग मरून रंगाच्या नायलॉनच्या पॅडने, पाणी आणि सौम्य साबण घेऊन, चमक जाईल इतपत घासा. अल्क्लॅड असेल तर हात हलका ठेवा, नाहीतर जो थर पैसे मोजून घेतला तोच घासून टाकाल. लोखंडी तारेची घासणी किंवा लोखंडी ब्रश मुळीच नको. त्याचे सूक्ष्म कण ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि प्रत्येक कण गंजाचं केंद्र होतो. ज्या पॅडने पोलाद घासलं तो ॲल्युमिनियमला लावू नका. आम्ही दोन्हींचे डबे वेगळे ठेवले आहेत.

स्वच्छ झालं की नाही याची परीक्षा सोपी आहे. पत्र्यावर स्वच्छ पाणी ओता. अळूच्या पानावरच्यासारखे थेंब होऊन पळालं तर तेल अजून आहे. अखंड चादरीसारखं पसरून राहिलं तर स्वच्छ. शेवटचं पाणी डिस्टिल्ड घ्या, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतो ते चालतं. नळाच्या पाण्यातले क्षार वाळल्यावर मागे राहतात. नंतर उन्हात किंवा हेअर ड्रायरने कोरडं करा आणि त्याच दिवशी प्रायमर मारा.

प्रायमर

यावर विमान बांधणाऱ्यांत मतभेद आहेत. कोरड्या हवेत राहणारे काही जण अल्क्लॅडच्या आत काहीच लावत नाहीत आणि त्यांची विमानं टिकतातही. आपण बडोद्यात आहोत. खंभातचं आखात फार लांब नाही, भोवती कारखान्यांचा पट्टा आहे, आणि वर्षातले चार महिने डब्याबाहेरचा पापड संध्याकाळपर्यंत सादळतो. माझं मत स्पष्ट आहे: बंद होणाऱ्या प्रत्येक पृष्ठभागाला प्रायमर.

दोन घटकांचा इपॉक्सी प्रायमर घ्या. एका डब्यातला, आम्ल असलेला एचिंग प्रायमर घाईच्या माणसाला सोपा वाटतो, पण तो एकटा ओल पूर्ण अडवत नाही, त्यावर दुसरा थर लागतो. पत्र्यावर आधी रासायनिक रूपांतरणाचा थर, म्हणजे अलोडाइनसारखं द्रावण, दिलं तर प्रायमरची पकड वाढते. जुनी द्रावणं आणि जुना पिवळट हिरवा झिंक क्रोमेट यांत षट्संयुजी क्रोमियम असतं आणि ते कर्करोगकारक आहे. आता त्रिसंयुजी क्रोमियमची द्रावणं मिळतात, ती वापरा. उरलेलं पाणी गटारात ओतू नका. आपली गटारं नदीला मिळतात, आणि त्या नदीत मगरींपासून माशांपर्यंत सगळं जगतं. कॅनमध्ये भरून घातक कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

मास्कबद्दल एकदाच सांगतो. रुमाल किंवा धुळीचा कापडी मास्क इथे कामाचा नाही. सेंद्रिय वाफांसाठीचं काडतूस बसवलेला रेस्पिरेटर, चष्मा आणि हातमोजे घालून, हवा आरपार जाईल अशा जागी फवारा मारा. पोरंबाळं आणि वाळत घातलेले कपडे दूर ठेवा.

थर पातळ हवा. प्रायमरमधून धातूची छटा जराशी जाणवली पाहिजे. जाड थराने वजन वाढतं, पत्रे नीट मिटत नाहीत आणि रिव्हेट मारताना थर तडकतो. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज सकाळी खालचा कॉक उघडून काढा आणि फवाऱ्याच्या पिस्तुलाच्या आधी पाणी अडवणारा फिल्टर बसवा. दमट दिवसात टाकीतून वाटीभर पाणी सहज निघतं, आणि फिल्टर नसेल तर तेच पाणी रंगातून सांध्यात जातं.

ओला जोड

प्रायमर पूर्ण वाळला की खरी जोडणी. सर्वसाधारण रिब आणि स्किनच्या (बाहेरच्या पत्र्याच्या) जोडाला कोरडा प्रायमर पुरतो. पण काही जागा ओल्या जोडाव्या लागतात: इंधनाच्या टाकीचे सांधे, पोटाखालचे एकावर एक पत्रे, चाकांमधून चिखल उडतो तो भाग, बॅटरीच्या आसपास, आणि जिथे जिथे दोन वेगळे धातू भेटतात तिथे. दोन पत्र्यांमध्ये पॉलिसल्फाइड सीलंटचा (फट बुजवणाऱ्या, रबरासारख्या होणाऱ्या लुकणाचा) पातळ हात द्यायचा आणि तो मऊ आहे तोवर रिव्हेट मारायचे. फट मुळात राहतच नाही. कडेने सीलंटची बारीक, सलग रेघ बाहेर आली म्हणजे आत सगळीकडे पोचलं. रेघ जिथे तुटली तिथे आत पोकळी आहे. सीलंट कालवल्यावर वेळ मोजका असतो आणि मे महिन्यात तो आणखी कमी होतो. म्हणून थोडं थोडं कालवा, जोडीदाराला हाताशी ठेवा. घरगुती सिलिकॉन मात्र नको. त्यातल्या काही प्रकारांतून वाळताना व्हिनेगरचं आम्ल सुटतं; वास घेतला तरी कळेल.

बोल्ट विमानाचेच, एएन (विमानाच्या सुट्या भागांचं अमेरिकन मानक) मालिकेतले. त्यांच्यावर कॅडमियमचा मुलामा असतो, कारण कॅडमियम आणि ॲल्युमिनियम एकमेकांच्या जवळच्या स्वभावाचे आहेत. त्यांची झटापट होत नाही. साध्या पोलादी एएन बोल्टच्या डोक्यावर फुलीची किंवा चांदणीची खूण असते, स्टेनलेसच्या डोक्यावर एक आडवी रेघ, ॲल्युमिनियमच्या डोक्यावर दोन. बाजारातला जस्ताच्या मुलाम्याचा पिवळा बोल्ट हुबेहूब तसाच दिसतो, म्हणून डोकं बघितल्याशिवाय डब्यात टाकू नका. कॅडमियम विषारी आहे. त्या बोल्टला पॉलिश पेपर किंवा आच लावायची नाही. बोल्ट बसवताना दांड्याला प्रायमरचं किंवा गंजरोधक पेस्टचं बोट फिरवा, आणि जमेल तिथे बोल्ट स्थिर धरून नट फिरवा. बोल्ट फिरवला तर भोकातलं प्रायमर सोलून निघतं.

पोलादी नळ्यांच्या भागांना, म्हणजे इंजिनच्या चौकटीला आणि कंट्रोलच्या दांड्यांना, आतूनही गंज धरतो. वेल्डिंग झाल्यावर नळीत गरम केलेलं जवसाचं तेल घालून, सगळीकडे फिरवून निथळून काढायचं आणि भोक बंद करायचं, ही फार जुनी रीत आहे. आजही चालते. तेल लागलेल्या चिंध्या मात्र ढीग करून ठेवू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि चिंध्या आपोआप पेट घेतात. पाण्यात भिजवून पसरून वाळवा.

रिव्हेट

यावर थोडक्यात लिहितो, कारण हे वाचून येत नाही, हाताने येतं. विमानाचा नेहमीचा एडी रिव्हेट २११७ मिश्रधातूचा असतो आणि डोक्याच्या मध्यभागी बारीक खळी असते. एएन ४७० गोल डोक्याचा, एएन ४२६ पत्र्यात बसणारा, शंभर अंशाच्या डोक्याचा. मारण्याआधी दांडा व्यासाच्या दीडपट बाहेर दिसावा. मारल्यावर मागचं डोकं व्यासाच्या दीडपट रुंद आणि निम्मं उंच व्हावं. भंगारातल्या पत्र्यावर शंभर मारून बघा, शंभर ड्रिलने काढून बघा, मग विमानाला हात लावा. कमी ठोकलेला रिव्हेट भोक पूर्ण भरत नाही. त्या रिकाम्या जागेत पाणी बसतं आणि रिव्हेट हलत राहतो.

ओढून बसवायच्या पॉप रिव्हेटमध्ये पोलादी दांड्याचा तुकडा आत राहतो. दोन-तीन पावसाळ्यांत तिथून तांबडा ओघळ येतो. रंगाआधी प्रत्येक डोक्यावर इपॉक्सीचा थेंब टाका. हजारो थेंब होतात, हात दुखतो, पण टाका.

पाणी आत येणारच, वाट द्या

कितीही बंद केलं तरी पंखाच्या आत रात्री दव धरणार. म्हणून प्रत्येक कप्प्याच्या सगळ्यात खालच्या ठिकाणी, विमान जमिनीवर ज्या कोनात उभं असतं त्या कोनात खालच्या ठिकाणी, पाणी निघायची भोकं हवीत. नकाशात दिलेली आहेत का बघा. रिबच्या कोपऱ्यात सीलंटचा ढिगारा होऊन ती बुजलेली नाहीत ना, तेही बघा. कुंभारीण माशी अशा भोकांत मातीचं घर बांधते. उभ्या विमानाची भोकं महिन्यातून एकदा तारेने मोकळी करा. उंदरांचाही बंदोबस्त हवा. त्यांचं मूत्र ॲल्युमिनियमला फार वाईट खातं, आणि ते घर करतात ते नेमके जिथे हात पोचत नाही अशा जागी.

रंगकाम झाल्यावर आतल्या बाजूने एसीएफ-५० किंवा करोजनएक्ससारखं झिरपणारं तेल फवारतात. ते रिव्हेटच्या कडेने फटीत शिरतं आणि ओल बाहेर ढकलतं. रंगाआधी मारू नका, रंग धरणार नाही. नंतर काही दिवस रिव्हेटमधून तेलकट ओघळ येतात, ते पुसायचे.

साक्षीपट्ट्या

माझ्या मते नवख्या माणसाने विमानाच्या आधी हे बनवावं. हातभर लांबीच्या पत्र्याच्या चार जोडपट्ट्या घ्या, विमानाच्याच मालाच्या. एक नुसतीच रिव्हेट करा. दुसरी साफ करून प्रायमर लावून. तिसरी प्रायमर आणि सीलंटसह. चौथीला प्रायमर न लावता बाजारातला एक पोलादी स्क्रू घट्ट बसवा. चारही गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत, जिथे ओल टिकते तिथे, जून ते सप्टेंबर ठेवा. कोजागरीच्या आसपास खाली आणा, रिव्हेट ड्रिलने काढा आणि पत्रे वेगळे करा.

आमच्या पहिल्या वर्षी चौथ्या पट्टीत स्क्रूभोवती रुपयाएवढं पांढरं कडं होतं आणि त्याखाली नखाला जाणवणारे खड्डे. पहिलीत फटीच्या कडेने राखाडी ठिपके. दुसरीत एका भोकापाशी बर राहिली होती, तेवढ्या जागी प्रायमर उठला होता, बाकी स्वच्छ. तिसरी उघडायला सुरी लागली. माझ्या मित्राने दुसऱ्या पट्टीतलं ते एक भोक बघितलं आणि तोवर प्रायमर मारलेल्या सगळ्या रिब पुन्हा भिंगाखाली घेतल्या. अकरा भोकं सापडली.

पट्ट्यांवर मार्करने वर्ष आणि प्रायमरच्या डब्याचा बॅच नंबर लिहा, आणि पुढच्या जूनसाठी नवा संच गच्चीवर न्या.